आजोबांचा ट्रक १९५० चा जर्मन मर्सिडीज आहे का? दोन फोटोंवरून जे दिसतं ते

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आजोबांचे दोन फोटो सापडलेत. पहिला काळा-पांढरा. गोल बॉनेटवर चांदणी, तिच्यावर झेंडूचा हार, बंपरवर पाय ठेवून आजोबा, मागच्या भिंतीवर 'हुंडेकरी व कमिशन एजंट' अशी पाटी. दुसरा रंग उडालेला रंगीत, त्यातल्या ट्रकवर गोलातला 'टी'. घरात सांगतात की आजोबांनी १९५० साली जर्मनीहून मर्सिडीज मागवली आणि पुढे ती विकून टाटा घेतला. हे खरं का, हे तुम्हाला हवंय.

मी आयुष्याची तेवीस वर्षं एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) फाडल्या आणि निवृत्तीनंतर असे फोटो जमवण्याचं वेड लागलं. माझं मत आधीच सांगून टाकतो. गाडी जर्मनीहून आलेली नाही, ती १९५० ची नाही, आणि विकलीही नाही. दोन्ही फोटोंत एकच गाडी आहे.

आधी चांदणीचं बघू. टेल्को (आजची टाटा मोटर्स) ही कंपनी १९४५ मध्ये जमशेदपूरला निघाली ती रेल्वे इंजिनं बांधायला. ट्रक आला १९५४ मध्ये, डाइम्लर-बेंझशी करार झाल्यावर. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ ला संपला. त्या काळातल्या गाड्या 'टाटा मर्सिडीज-बेंझ' या नावाने विकल्या जात आणि पुढ्यात मर्सिडीजची ती तीन टोकांची चांदणी असे. ड्रायव्हर लोकांच्या तोंडी सरळ 'मर्सिडीज' हेच नाव होतं, टाटा कुणी म्हणायचंच नाही. म्हणून घरोघरी 'आमच्याकडे जर्मन गाडी होती' ही गोष्ट चालत आली. आजोबा खोटं बोलत नव्हते. ते जे म्हणायचे त्याचा अर्थ पुढच्या पिढीने बदलला, इतकंच.

तर चांदणीमुळे गाडी १९५४ ते १९६९ मधली ठरली. इथपर्यंत कुणीही येतो. घोटाळा यापुढे होतो, कारण टाटाच्या बॉनेटवाल्या गाडीचा चेहरा पुढची कित्येक वर्षं जवळजवळ तसाच राहिला. आत इंजिन बदललं, स्प्रिंगचे पाटे बदलले, भार वाढला, पण समोरून बघणाऱ्याला तेच गोल उतरतं बॉनेट आणि मडगार्डवरचे तेच डोळे. त्यातून ट्रक काही मोटारसायकलसारखा दहा वर्षांत भंगारात जात नाही. तेव्हा केबिन लाकडी, हौदा (मागची माल भरायची जागा) लाकडी, दोन्ही सुताराने बांधलेले. एक गाडी तीन केबिनी पाहायची. म्हणून माझा एक नियम झालाय: चेहऱ्यावरून कंपनी ओळखायची, साल ओळखायला जायचं नाही. साल रंगाऱ्याने लिहून ठेवलेलं असतं.

हा नियम मी चूक करून शिकलो. एकदा असाच चांदणीवाला फोटो पाहून मी छातीठोकपणे '१९६२' सांगून मोकळा झालो. मग एका बाईंनी शांतपणे विचारलं, फाळक्यावर (हौद्याच्या फळीवर) तो उलटा लाल त्रिकोण कसला हो? कुटुंबनियोजनाचा! तो साठच्या दशकाच्या अखेरीस आला. मालकाने चांदणी काढलीच नव्हती. मान होता तिला. करार संपल्यावर तर जास्तच. काही जण नव्या टाटावरही बाजारातून चांदणी आणून ठोकायचे.

आता तुमच्या पहिल्या फोटोत रंगाऱ्याने काय लिहिलंय ते बघा. दरवाजाखाली, डाव्या अंगाला, तीन बारीक ओळी आहेत. मोठा करून पाहिलात तर 'आर.एल.डब्ल्यू.' आणि 'यू.डब्ल्यू.' ही अक्षरं लागतात, म्हणजे भरलेल्या गाडीचं नोंदलेलं वजन आणि रिकाम्या गाडीचं वजन. आकडे पाच अंकी आहेत आणि पुढे मला 'एलबीएस' दिसतं. पौंड! १९३९ च्या मोटार कायद्यात सगळी वजनं पौंडांत होती. दशमान वजनं १९५८ च्या ऑक्टोबरपासून येऊ लागली, पण ट्रकच्या अंगावरचे पौंड लगेच पुसले गेले नाहीत, कारण ते आरसी बुकात तसेच होते. तरी साठच्या दशकाच्या फार पुढे पौंड मी पाहिलेले नाहीत.

दुसरं, नंबरप्लेट. पहिलं अक्षर 'एम' स्पष्ट आहे. आपलं राज्य झालं १ मे १९६० ला. त्याआधी मुंबई राज्याच्या गाड्या 'बी' ने सुरू व्हायच्या आणि ज्यांचा नंबर आधी पडला होता त्यांचा तोच राहिला. म्हणजे एम असेल तर नोंदणी १९६० नंतरची. पण इथे एक काटा आहे, आणि तुम्ही मिरजेचे म्हणून मुद्दाम सांगतो. एम एकट्या महाराष्ट्राचा नव्हता. मद्रासच्या गाड्यांवर एमएस, एमडी असे, मध्य प्रदेशच्या एमपी, आणि तुमच्या शेजारच्या म्हैसूर राज्याच्या एमवाय. सीमेजवळच्या मालकाने तिकडची गाडी घेतलेली असणं अजिबात अशक्य नाही. दुसरं अक्षर हाराच्या सावलीत गेलंय. मला तरी तो वाय वाटत नाही, खालचा दांडा फार सरळ आहे आणि वर आडवी रेघ आहे. मूळ फोटो हातात धरून भिंगाने बघा.

म्हणजे पौंड अजून आहेत आणि एम आलेला आहे. माझ्या हिशेबाने १९६० ते १९६६-६७ या मधला दसरा. दसराच, नव्या गाडीची पूजा नव्हे. हार दोन्हीला घालतात, पण पुढचं डावं टायर बघा, नक्षी घासून गुळगुळीत झालीय. नवी गाडी असती तर कुणीही मालक आधी टायर दाखवत फोटो काढेल. शिवाय बंपरवर हाराखाली पानांची जुडी आहे, ती आपट्याची असावी.

भिंतीवरच्या पाटीबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत आणि मला मात्र तीच सगळ्यात आवडली. 'हुंडेकरी' हा शब्द आता मरायला टेकलाय. हुंडा म्हणजे ठरावीक रकमेचा मक्ता. माल इथून तिथे पोचवायचा, वाटेतला खर्च, जकात, हमाली सगळं त्याच्या अंगावर, व्यापाऱ्याने एक रक्कम द्यायची. हा धंदा बैलगाड्यांच्या काळापासूनचा. ट्रक आले तेव्हा हुंडेकऱ्यांनी बैल सोडले आणि चाकं धरली. तुमच्या भागातून हळद आणि गूळ मुंबईला जायचा आणि येताना मशीद बंदरातून किराणा, कापड, लोखंड. रिकामी गाडी परत आणणारा हुंडेकरी लवकर बुडायचा. तेव्हा 'कमिशन एजंट' हे जोडलेलं आहे ते शोभेसाठी नाही. परतीचं भाडं मिळवून देणाऱ्याला कमिशन असायचं आणि आजोबा दोन्ही बाजूंनी कमवत होते असं दिसतं. खाली फोन नंबर तीन आकडी आहे. एक्सचेंजमधल्या बाईंना सांगून ट्रंक कॉल लावायचा तो जमाना.

जुनं लेटरहेड किंवा बिल्टी बुक सापडलं तर पत्त्यात पिनकोड आहे का पाहा. सहा आकडी पिन १५ ऑगस्ट १९७२ ला आला. त्याआधी मुंबईच्या पेढीचा पत्ता नुसता 'मुंबई-९' असा संपायचा, नंतर तोच '४०० ००९' झाला. छापील कागदाचं साल काढायला याच्याइतकं सोपं साधन दुसरं नाही.

आता दुसरा फोटो. तुम्ही याला दुसरी गाडी म्हणता कारण केबिन वेगळी आहे, रंग वेगळा आहे आणि चांदणीच्या जागी टी आहे. हे तिन्ही दुकानातून विकत मिळतं. नंबरचे शेवटचे चार आकडे मात्र दोन्ही फोटोंत तेच आहेत. वर बॉनेटच्या उजव्या कडेला, बिजागरीपासून वीतभर अंतरावर, एक पोचा आहे तो दोन्हीकडे आहे. रंगारी पोचा काढत नाही, त्यावरूनच ब्रश फिरवतो.

हा फोटो कधीचा? केबिनच्या कपाळावरच्या पाटीवर 'पब्लिक कॅरियर' लिहिलंय. १९३९ च्या कायद्यात भाड्याने माल वाहणारा तो पब्लिक कॅरियर आणि स्वतःचाच माल वाहणारा प्रायव्हेट कॅरियर असा भेद होता. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, तो भेद गेला आणि हळूहळू कपाळावर 'गुड्स कॅरियर' आलं. नंबरही तेव्हापासून एमएच-१०, एमएच-०९ असे जिल्ह्यावार झाले. तुमची गाडी जुन्याच तीन अक्षरांवर आहे, पण त्यावरून काही ठरत नाही, जुने नंबर तसेच चालत होते. पाटीवरून इतकं म्हणता येईल की फोटो १९८९ च्या फार पुढचा नाही. फाळक्याच्या कडेला लाल त्रिकोणाचं टोक दिसतं, आणि वजनं आता किलोत आहेत. रंगीत प्रिंट असा पिवळा पडलाय की मी सत्तरच्या अखेरीपासून ऐंशीच्या मध्यापर्यंत म्हणेन. याहून बारीक सांगायला गेलो तर तो अंदाज राहणार नाही, थाप होईल.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी लिहिलंय की तपकिरी दिसते म्हणजे नॅशनल परमिटची (अनेक राज्यांत माल नेण्याच्या परवान्याची) गाडी. नाही. नॅशनल परमिट १९७५ पासून सुरू झाली हे खरं, आणि त्या गाड्यांना वाळक्या पानाचा तपकिरी रंग, पांढरी किनार आणि अंगावर गोलात 'नॅशनल परमिट' ही अक्षरं, ही ओळख आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बसलीय. पण इथे ना किनार ना गोल. हा मूळचा लाल रंग उतरून असा झालाय; दरवाजाच्या आतल्या कडेला अजून लाल शिल्लक आहे.

बॉनेटच्या बाजूला '१२१०' हा मॉडेलचा आकडा आहे का असंही विचारलंत. मला तिथे आकडे दिसत नाहीत, आणि ही गाडी त्याच्या आधीच्या मॉडेलची, एल-३१२ ची असावी. ते आकडे मात्र वाचायला शिकून घ्या, गंमत आहे. शेवटचे दोन सोडून उरलेले म्हणजे भरलेल्या गाडीचं वजन साधारण टनांत, शेवटच्या दोनांना दहाने गुणलं की अश्वशक्ती: बारा टन, शंभर घोडे. ४०७ म्हणजे चार टन, सत्तर घोडे. इंजिनाचे आकडे वेगळे. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर आणि ९७ मिलिमीटरचं बोअर (सिलिंडरचा आतला व्यास), ६९२ म्हणजे बोअर ९२ चं. आमच्याकडचे जुने मिस्त्री हे न शिकता बोलायचे, 'सहाशे सत्त्याण्णव टाकलंय' म्हटलं की समोरच्याला सगळं कळायचं. तुमच्या गाडीत नंतर दुसरं इंजिन बसवलं असेल तर आरसी बुकात चासी नंबर जुना आणि इंजिन नंबर बदललेला मिळेल. ते पुस्तक शोधा. लोक ट्रक विकतात, भंगारात देतात, पण ते पुस्तक देवघरातल्या पेटीत निघतं असा माझा अनुभव आहे.

घरच्या गोष्टीतलं '१९५०' कुठून आलं असेल याचा विचार केला. तेव्हा मिरजेसारख्या ठिकाणी धावत होत्या त्या युद्धानंतर लष्कराने लिलावात काढलेल्या डिस्पोजलच्या गाड्या, शेवरोले-बेडफर्ड (जनरल मोटर्स १९२८ ते १९५४ मुंबईत शिवडीला जोडणी करत होती), आणि उद्योगपती वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या डॉज-फार्गो. डॉज आणि फार्गो या एकाच गाडीच्या दोन पाट्या, तरी त्यावरून हाणामारीपर्यंत वाद होतात, इथेही झालेत. आजोबांनी धंदा १९५० ला अशाच एखाद्या गाडीवर सुरू केला असेल, आणि आठवणीत त्या पहिल्या गाडीचं साल आणि या लाडक्या गाडीचं नाव एकत्र झालं असेल. पहिल्या फोटोत आजोबांच्या मागे, दाराच्या अंधारात, चौकोनी नाकाच्या आणखी एका गाडीचं मडगार्ड आहे. ती कुठली ते मला लागत नाही, पण ती आजोबांची असेल तर १९५० तिचं.

एक काम करा. दोन्ही फोटो मोबाइलने नका काढू, स्कॅनरवर ६०० डीपीआयला कडांसकट काढा आणि मागची बाजूही टाका. पहिल्याची कड नागमोडी कातरलेली वाटते, तशा प्रिंटच्या मागे बहुतेक वेळा स्टुडिओचा शिक्का असतो.

आणि पहिल्या फोटोत डाव्या मडगार्डपाशी एक पोरगा उभा आहे, त्याच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. हाफ पँट, हातात चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा, म्हणजे किन्नर (ट्रकवरचा क्लीनर). त्याचे कान बघा, सुपासारखे बाहेर आलेले. आता दुसरा फोटो उघडा आणि स्टेअरिंगवर कोण बसलाय ते बघा. घरातल्या वयस्कर माणसांना त्याचं नाव विचारा. गाडीची पुढची हकिकत त्याला किंवा त्याच्या मुलांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.