सही करण्याआधी

तुझं पत्र दोनदा वाचलं. पाणबुडीच्या वेल्डिंगच्या नोंदी भरणं म्हणजे कारकुनीच, डिझाइन विभागात बदली मागू का, असं विचारलं आहेस. माग की. मला खुपलं ते पुढचं वाक्य: ‘आधीच्या तिघांनी केली होती म्हणून मीही सही केली.’ वेल्डिंगचा तो जोड तू पाहिलास का? नाही. मग ती सही कशाची?

प्रेशर हलचं, म्हणजे पाण्याचा दाब झेलणाऱ्या पाणबुडीच्या कवचाचं, पोलाद वेल्डिंगला फार चिडकं असतं. इलेक्ट्रोडच्या (वेल्डिंगच्या कांडीच्या) लेपात ओल राहिली किंवा प्रीहीट, म्हणजे जोडण्याआधी धातूला दिलेली ऊब, कमी पडला की हायड्रोजन धातूत शिरतो. जोड वरून देखणा दिसतो आणि थंड झाल्यावर, कधी तर दुसऱ्या दिवशी, आतून तडकतो. म्हणून शेवटची अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींनी आतली तडा शोधणारी) तपासणी बहुधा ४८ तास थांबून करतात. सकाळच्या जोडाला दुपारी ‘ठीक’ लिहिणाऱ्याने काहीच तपासलेलं नसतं. इलेक्ट्रोड कोरडे ठेवायच्या ओव्हनमधून इलेक्ट्रोड किती वाजता निघाला, किती वेळ दमट हवेत उघडा राहिला, प्रीहीट जोडापासून किती अंतरावर मोजला, हे सगळं नोंदीत हवं. हल ज्या गोल कड्यांचा बनतो, त्या कड्याची गोलाईही तशीच. ३ मीटर त्रिज्येला अर्धा टक्का फरक म्हणजे १५ मिलिमीटर. कडं त्याहून चपटं झालं, तर नुसता दाबला जाण्याऐवजी हल वाकू लागतो आणि ठरलेल्या खोलीच्या आधीच हार मानतो.

आता हा हिशेब स्वतः करून बघ. ३०० मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ३० किलो दाब असतो. ५० मिलिमीटरचा एक पाइप तुटला, तर मिनिटाला पाच टनांच्या आसपास पाणी आत येतं. एका फ्लँजचं (पाइपच्या जोडाचं) गॅस्केट, म्हणजे गळती रोखणारी चकती, तू पाहिली नाहीस, त्याची ही किंमत.

‘थेटिस’ तुला माहीत असायला हवी. १ जून १९३९, लिव्हरपूल उपसागर, नवी ब्रिटिश डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी, चाचणीची डुबकी. टॉर्पेडो ट्यूबच्या मागच्या दारावर एक बारीक चाचणी-तोटी असते. तिच्यातून पाणी आलं नाही, तर ट्यूब रिकामी समजायची. पाचव्या ट्यूबच्या तोटीचं भोक रंगाने बुजलेलं होतं. पाणी आलं नाही, म्हणून दार उघडलं. बाहेरचं झाकण उघडंच होतं. ९९ माणसं गेली. भोक मोकळं करायची सळई दारावरच होती; ती फिरवली गेली नाही. रंगाऱ्याचं काम झाल्यावर ते भोक कुणी पाहिलं?

वजनाची वही तुला सगळ्यात कंटाळवाणी वाटते ना? स्पेनची पाणबुडी ‘इसाक पेराल’ ७५ ते १०० टन जड भरतेय, असं २०१३ मध्ये उघड झालं. शेवटी हल लांबवावा लागला. पाणबुडीत जे येतं ते तोलून येतं आणि जे बाहेर जातं, अगदी केबलचे उरलेले तुकडेही, तेही तोलून जातं. बंदरातल्या पहिल्या ट्रिम डाइव्हला, म्हणजे तोल तपासायच्या डुबकीला, शिशाची बॅलास्ट (तोलासाठीची वजनं) इकडची तिकडे करून थोडंफार सावरता येतं. चुकलेली वही त्याने सावरत नाही.

बॅटरी चढली की खेळ बदलतो. आपल्या नौदलाच्या कलवरी वर्गातल्या पाणबुडीत ३६० सेल, प्रत्येक सुमारे ७५० किलोचा. चार्जिंगमध्ये हायड्रोजन सुटतो. हवेत तो ४ टक्के झाला की ठिणगी पुरे. आम्लात समुद्राचं पाणी गेलं तर क्लोरीन. पंखा चालू आहे हे पॅनेलवरच्या दिव्यावरून ठरवू नकोस. डक्टच्या तोंडाशी हात धर.

समुद्री चाचण्यांबद्दल थोडक्यात. बुडण्याआधी आतली थोडी हवा ओढून हलका निर्वात करतात आणि बॅरोमीटर बघतात. तो वर सरकला तर कुठेतरी झाकण नीट बसलेलं नाही. खोल डुबकी पायरीपायरीने, प्रत्येक पायरीला थांबून प्रत्येक हल-व्हॉल्व्ह आणि केबल-ग्लँड (केबल हलमधून जाते तिथलं बूच) टॉर्चने बघायचं. स्नॉर्केलवर, म्हणजे पाण्याखालून हवा घ्यायच्या नळीवर, लाट आली की तिच्या तोंडाचा हेड व्हॉल्व्ह मिटतो आणि डिझेल इंजिनं आतलीच हवा ओढतात. त्या वेळी निर्वाताचा ट्रिप, म्हणजे आतला दाब फार घटला की इंजिन बंद करणारी यंत्रणा, खरंच पडतो का, हे पाहायचं. ‘पडायला हवा’ असं लिहायचं नाही.

माझ्यासारख्या हट्टी माणसांमुळे बोटी उशिरा निघतात, असं तुला ऐकवलं जाईल. ऐकून घे. कलवरी वर्गातलीच ‘वागशीर’ २० एप्रिल २०२२ ला पाण्यात उतरली आणि जानेवारी २०२५ मध्ये नौदलाच्या हाती गेली. एवढा वेळ चाचण्या खातातच. कुणीतरी पाहिलं असेल, या भरवशावर मीही सह्या केल्या आहेत. काही बिघडलं नाही, पण म्हणून त्या बरोबर ठरत नाहीत. हट्ट मला उशिरा आला, याचंच वाईट वाटतं.

ती सही उद्या रद्द कर. लाल शाईने, तारीख घालून, कारण लिहून, खाडाखोड नको. मग जोड पुन्हा तपासायला लाव आणि तपासणीचा प्रोब जोडावर फिरत असताना शेजारी उभं राहा. पुढच्या पत्रात बदलीचं नंतर लिही. आधी कळव, तुमच्या इलेक्ट्रोड ओव्हनच्या थर्मामीटरचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं होतं.