ती कच खात नाहीये, पत्राच्या शेवटच्या दोन ओळी वाचा

तुमचं तीन पानी पत्र मिळालं. लेक 16 वर्षांची, अकरावी सायन्सला, दहावीला 92 टक्के, दोन वर्षं जेट स्कीच्या, म्हणजे पाण्यावरच्या त्या मोटरसायकलच्या, रेसिंगचं ट्रेनिंग चालू. तुमचा प्रश्न असा की कॉलेज नावापुरतं ठेवून तिला पूर्ण वेळ रेसिंगला घालावं का, म्हणजे ऑलिंपिकपर्यंत जाईल, आणि "पोरगी हुशार आहे पण ऐन वळणावर कच खाते, तिचं मन घट्ट कसं करायचं तेवढं सांगा". मग शेवटच्या पानावर अगदी तळाशी वेगळ्या अक्षरात दोन ओळी आहेत. "मला रेस नाही करायची. मला तो पंप उघडून बघायचाय." पत्र पाकिटात घालताना तुम्ही त्या वाचल्यात की तिने गुपचूप लिहिल्या मला माहीत नाही, पण मी गेले दोन दिवस तिथेच अडकून आहे.

आधी ऑलिंपिकचं संपवते. जेट स्की ऑलिंपिकमध्ये नाही, कधीच नव्हती. 2018 च्या एशियन गेम्समध्ये जकार्त्याला तिच्या स्पर्धा झाल्या होत्या, आणि बाकी मोठं काय आहे तर आयजेएसबीए या जेट स्की संघटनेच्या वर्ल्ड फायनल्स आणि ॲक्वाबाइकची वर्ल्ड चॅम्पियनशिप. तिथले लोक जबरदस्त आहेत, पण रेसिंगवरच घर चालवणारे त्यात फार थोडे. ज्या पदकासाठी तुम्ही मुलीचं कॉलेज नावापुरतं करायला निघालात ते पदक मुळात अस्तित्वातच नाही, हे दोन वर्षांत तुम्हाला कोणीच सांगितलं नाही का?

पण मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटली. तुमच्या तीन पानांत लॅपचे टाइम आहेत, कोचचं मत आहे, तुम्ही काय काय सोडलंत ते आहे, पण तिला काय आवडतं यावर एक वाक्य नाही. आणि मध्येच तुम्ही सहज लिहून गेलात की वळण चुकलं की घरी येईपर्यंत तुम्ही गाडीत तिच्याशी बोलत नाही, "म्हणजे तिला लागेल". लागतंच हो. 16 वर्षांच्या मुलीला बापाचं न बोलणं किती लागतं ते मी माझ्यासमोर बसून रडणाऱ्या मुलांकडून ऐकलंय, आणि त्याने मन घट्ट होत नाही, ती घरात बोलायची बंद होते आणि मग तिला तुमच्याच पत्राच्या तळाशी दोन ओळी लिहून मला गाठावं लागतं. हे आजपासून बंद करा. विनंती नाही, स्पष्ट सांगतेय.

आता ती "कच". तुमच्याच शब्दांत, वळणाच्या बोयाजवळ (पाण्यात तरंगणारी ती खूण) ती घाबरून थ्रॉटल सोडते, हँडल पूर्ण फिरवते आणि तरी सरळ जाऊन बोयावर आदळते. यावरून तुम्ही ठरवलंत की धीर नाही. अहो, जेट स्कीला सुकाणू नसतं. रस्त्यावरच्या गाडीत ॲक्सिलरेटर सोडला तरी चाक वळतं म्हणून गाडी वळते, पण इथे तळातून आत ओढलेलं पाणी पंपातला पंखा, म्हणजे इम्पेलर, जोरात मागे फेकतो आणि मागच्या नोझलचं तोंड हँडलने डावी-उजवीकडे फिरतं, बस्स, वळवणारं जे काही आहे ते ते मागे जाणारं पाणीच. थ्रॉटल सोडला की पाण्याचा झोत मरतो, मग हँडल कितीही फिरवा, काही केल्या वळत नाही, वेगात आहे तशी पुढे घसरत जाते. समोर काही आलं की माणूस आधी थ्रॉटलच सोडतो, नवीन काय जुना काय, शरीरच तसं करतं, आणि नेमकं तेच इथे घातक ठरतं. असे कितीतरी अपघात झाले, म्हणून तर पुढे कंपन्यांना यावर उपाय शोधावे लागले, सी-डू या ब्रँडने 2009 मध्ये ब्रेकची सिस्टिम आणली. म्हणजे ज्यावर इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं लावलं त्याला तुम्ही मुलीचा भित्रेपणा म्हणताय! आणि बघा, आदळल्यावर तिला प्रश्न काय पडला? पंप उघडून बघायचाय. भित्री रेसर असा प्रश्न विचारत नाही, हा इंजिनिअरचा प्रश्न आहे.

हे यंत्र जन्मलंही अशाच डोक्यातून. क्लेटन जेकबसन नावाचा अमेरिकन, मोटोक्रॉसचा, म्हणजे मातीतल्या बाइक रेसचा शौकीन, पण त्याचं नाव राहिलं ते त्याने किती रेस जिंकल्या म्हणून नाही. पडलं तर मातीऐवजी पाण्यात पडावं असं काहीतरी हवं, या कल्पनेमागे तो बँकेतली नोकरी सोडून लागला आणि 1960 च्या दशकात उभं राहून चालवायचं मॉडेल बनवलं. बॉम्बार्डिए या कॅनडाच्या कंपनीने त्याची कल्पना घेऊन 1968 मध्ये बसून चालवायची सी-डू काढली, ती चालली नाही, थोड्याच वर्षांत गुंडाळली. मग कावासाकीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला जेट स्की आणली (आपण सगळ्यांनाच जेट स्की म्हणतो, पण ते कावासाकीचं नाव आहे) आणि सी-डू परत आली ती थेट 1988 ला. त्यानंतरही काम थांबलं नाही. जुनी टू-स्ट्रोक इंजिनं न जळलेलं इंधन पाण्यात सोडायची, प्रदूषणाचे नियम कडक झाले, 2002 च्या सुमारास फोर-स्ट्रोक आली, आता 300 हॉर्सपॉवरच्या पुढची मशीन आहेत आणि इलेक्ट्रिकवरही काम चालू आहे. तळाचा आकार कसा असला की वळणावर पाणी धरून ठेवते, पंपात हवा शिरली की जोर का जातो, एवढं वजन एवढ्या वेगात कसं थांबवायचं, हे प्रश्न अजून संपलेले नाहीत.

म्हणून तुम्ही विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नाही असंच आहे. कॉलेज सोडायचं नाही. इंजिनिअरिंगची एंट्रन्स तिला माहीत असेलच, मेकॅनिकल किंवा नेव्हल आर्किटेक्चर (जहाजं-बोटींचं डिझाइन), दोन्हीकडे दार उघडं आहे, फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स पक्कं ठेवलं की पुरे. पण याचा अर्थ आता "चॅम्पियन हो"च्या जागी "डिझायनर हो" सुरू करायचं असा नाही, मी तुम्हाला ओळखायला लागलेय म्हणून आधीच सांगतेय.

आणि मशीन चालवणं तिने सोडावं असंही मी म्हणत नाहीये. तिला हवं तेव्हा, घड्याळ न लावता चालवू दे. लाइफ जॅकेट आणि वेटसूट घालून, आणि इंजिन बंद करणारी ती दोरी मनगटाला किंवा जॅकेटला अडकवूनच, म्हणजे पडली तर मशीन तिथेच बंद पडेल. हे कौशल्य रेसच्या बाहेरही लागतं. हवाईत ब्रायन केउलाना या लाइफगार्डने मागे स्लेड, म्हणजे माणसाला झोपवता येईल अशी फळी, जोडून याच मशीनने बुडणाऱ्यांना बाहेर काढायची पद्धत रुजवली, आणि आज पोर्तुगालमधल्या नाझारेच्या राक्षसी लाटांवर सर्फरला लाटेपर्यंत ओढून नेणारा आणि तो पडल्यावर फेसातून उचलून आणणारा जेट स्कीवरच असतो. त्याला कोणी पदक देत नाही, पण त्याच्याशिवाय कोणी त्या पाण्यात उतरत नाही.

आता तुझ्याशी बोलते बाळा. तू दोन ओळी लिहिल्यास ते फार बरं केलंस. पंप उघडायचा तर बंद मशीनवर, बॅटरी काढून, माहितगार मेकॅनिक शेजारी असताना. इम्पेलरच्या मागे स्थिर पाती दिसतील, इम्पेलरमधून पाणी गोल फिरत बाहेर येतं ते ती पाती सरळ करतात. त्यापुढे नोझल निमुळतं का होत जातं ते स्वतः शोध, वहीत काढ, आणि मला त्या चित्राचा फोटो पाठव, बाबांच्या पत्रातून नाही, तुझ्या स्वतःच्या पत्रातून.

आणि बाबा, येत्या रविवारी ट्रेनिंगला सुट्टी द्या. त्या मेकॅनिककडे तुम्हीही तिच्याबरोबर जा, टॉर्च धरायला.