हत्तीचे फक्त पाय रंगवले तर?

प्रश्न : ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. प्राण्यांची चित्रं रंगवायला बसला की तासभर उठत नाही, पण रंग भलतेच देतो. हत्ती जांभळा, गाय हिरवी. वर्गातून 'रंग चुकीचे' असा शेरा येतो. मी त्याला खरे रंग शिकवावेत का?

उत्तर : नका शिकवू, त्याला ते ठाऊक आहेत. हत्ती कोणत्या रंगाचा असतो, असं सहज विचारून बघा, 'राखाडी' म्हणून मोकळा होईल. या वयात मूल रंग उचलतं तो आवडतो म्हणून, नाहीतर हाताशी आला म्हणून. जर्मन चित्रकार फ्रान्झ मार्क याने १९११ मध्ये निळे घोडे रंगवले, आणि त्याच वर्षी पिवळी गायही. घोडा आणि गाय ओळखायला कुणालाच अडचण आली नाही.

बालवर्गाला मी २८ वर्षं चित्रकला शिकवली. एकदा एका मुलीने हत्तीचे फक्त पाय रंगवले, गुडघ्यापर्यंत तपकिरी, आणि कागद माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "अगं, बाकीचा राहिला की." ती म्हणाली, "चिखलातून आला ना बाई तो. वरचं अंग सोंडेने धुतलं, पाय राहिले." मी तो कागद अपुरा म्हणून परत देणार होते. तेव्हापासून शेरा लिहिण्याआधी मी मुलाला विचारायला लागले. आणि हत्ती खरोखरच अंगावर माती उडवून घेतो, जिथली माती तसा दिसतो. केनियातल्या त्सावो भागातले हत्ती तिथल्या तांबड्या मातीमुळे चक्क विटकरी दिसतात. शेरा देणाऱ्या शिक्षिकेला एकदा भेटा. मुलाला चित्राबद्दल बोलतं करा एवढीच विनंती करा, भांडू नका.

प्रश्न : मुलगी तीन वर्षांची. खडू मुठीत धरते, सगळा रंग रेषेच्या बाहेर जातो. हात धरून शिकवते, तर रडते.

उत्तर : हात धरणं आजपासून बंद करा. लांब खडू मुठीत मावतो आणि मग हात खांद्यापासून फिरतो, त्यामुळे रेषा आवरत नाही. जाड मेणखडूचे मोडून बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप चिमटीत येतो. कागद भिंतीवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला चिकटवा. उभ्या कागदावर मनगट बरोबर वळतं. चित्र मोठं द्या, एकाच प्राण्याचं, जाड रेषेचं. तीन वर्षांच्या मुलीने रेषेच्या आत राहावं ही अपेक्षाच ठेवू नका, आणि दिवसातून एक कोरा कागद नुसत्या गिरगटण्यासाठी ठेवाच.

प्रश्न : तयार चित्रं रंगवून मुलांची कल्पकता मरते, असं एका पालकसभेत ऐकलं. घरातली प्राण्यांची सगळी रंगवायची पुस्तकं काढून टाकू का?

उत्तर : हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणाच्या अभ्यासकाने १९४७ सालीच तो ठामपणे मांडला होता. छापील सुबक पक्षी समोर आला की मुलाला वाटतं, असा आपल्याला कधी जमणार नाही, आणि ते स्वतःचा पक्षी काढायचं सोडून देतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून दोन वर्षं वर्गातून ही पानं काढूनही टाकली. काही मुलं खुलली. पण कोऱ्या कागदाला घाबरणारी तीन-चार मुलं रंगांच्या कोपऱ्याकडे फिरकेनाशी झाली. त्यांच्यासाठी ते पान आत यायचा दरवाजा होतं. मी पानं परत आणली, पण तशीच्या तशी नाही.

पहिलं काम, रंग हातात देण्याआधी त्या प्राण्याचं छायाचित्र पाच मिनिटं नुसतं बघायचं. वाघाचे डोळे पुढे, हरणाचे बाजूंना, असं का? शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी आहे, मांजराची उभी, हे मुलांनी शोधलं की वर्गात केवढा आनंद व्हायचा! मग पान द्यायचं, पण पट्टे नसलेल्या वाघाचं. पट्टे मुलाने काढायचे. कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, एकाच वाघाच्या डाव्या-उजव्या कुशीवरचेही नसतात. म्हणजे मूल जे काढेल तो त्याचा एकट्याचा वाघ. झेब्रा आणि जिराफही असेच देता येतात.

ध्रुवीय अस्वलाचं पान मला सगळ्यांत आवडतं. पांढरं अस्वल पांढऱ्या कागदावर रंगवायचं कसं? मुलं अडतात, मग एखादं आजूबाजूचं पाणी, आकाश रंगवून अस्वल तसंच सोडतं. कोरं सोडणं हाही रंगकामातला निर्णय आहे, हे त्याला न सांगता कळतं. त्याची कातडी मात्र केसांखाली काळी असते, हे ऐकून एका मुलाने आधी सगळं काळं करून वर पांढरा खडू घासला होता. तो कागद मी जपून ठेवला आहे.

आणि छापलेलं पान तपासायला शिकवा. १५१५ साली आल्ब्रेख्त ड्यूररने गेंड्याचं चित्र केलं, गेंडा न बघता, दुसऱ्याच्या रेखाटनावरून आणि वर्णनावरून. त्याने अंगावर चिलखताचे पत्रे काढले, खांद्यांपाशी एक जादा शिंगही काढलं, आणि युरोपात लोक दोनशेहून अधिक वर्षं त्याचीच नक्कल करत राहिले. आजच्या पानांतही कोळ्याला सहाच पाय असतात, तेही मागच्या फुगीर भागाला जोडलेले. खरे आठ, आणि सगळे पुढच्या भागातून निघणारे. चूक सापडली की मूल स्वतः दुरुस्त करतं, आणि तेच त्याचं पहिलं स्वतःचं रेखाटन ठरतं. म्हणून पुस्तकं टाकू नका.

प्रश्न : खडू चांगले की स्केचपेन?

उत्तर : खडू. जोर कमी-जास्त केला की रंग बदलतो आणि हाताला ते कळतं. स्केचपेन कसंही दाबा, रेघ तीच.

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची. प्राणी सुरेख रंगवते, रेषेबाहेर ठिपकाही नाही. पण कोरा कागद दिला की 'मला येत नाही' म्हणून ढकलते.

उत्तर : तिला एकदम कोऱ्या कागदावर सोडू नका. तिच्या आवडत्या प्राण्याचं पान मधोमध कापा, डोक्याकडचा अर्धा भाग मोठ्या कागदावर चिकटवा आणि उरलेलं तिला काढू द्या. आठवड्याने फक्त डोकं चिकटवा. पुढच्या आठवड्यात फक्त शेपूट, आणि ही कुणाची ते तिने ठरवायचं. 'छान' म्हणू नका, 'हा कुठे निघालाय?' असं विचारा. शेजारी बसून तुम्हीही काढा, तुमचा घोडा कुत्र्यासारखा दिसला तरी खोडू नका. तिला तो दिसू द्या. महिन्याभराने काय झालं ते मला जरूर लिहा.