टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड?

नाणं विचित्र दिसलं की लगेच ‘एरर’, म्हणजे टांकसाळीतच चुकून तसं बनलेलं, म्हणून हरखून जाऊ नका. आधी एवढंच विचारा: टांकसाळीत हे घडलं तरी कसं असेल? धातूची कोरी चकती कापणं, कडा उचलणं (चकतीची कड दाबून उंच करणं), ठसा मारणं, या टप्प्यांत उत्तर सापडलं नाही, तर बहुधा ते बाहेरचं नुकसान.

कड चंद्रकोरीसारखी कापलेली असेल, तर तिच्या बरोबर समोरची कड बघा. काप टांकसाळीतलाच असेल, तर ती बहुतेकदा पुसट असते. कडा उचलताना कापाच्या बाजूला धातूच नसतो, म्हणून समोरही पुरेसा दाब पडत नाही. कापाजवळची अक्षरंही किंचित ओढल्यासारखी दिसतात. कानशीने घासलेल्या नाण्याची समोरची कड मात्र ठणठणीत, आणि अक्षरं मध्येच तुटलेली.

दोन्हीकडे छापा? जवळजवळ नेहमी दोन नाणी कोरून जोडलेली. भिंगाने कडेच्या आत सांधा शोधा.

मी स्वतः एकदा आम्लात झिजवलेलं नाणं ‘पातळ चकतीचं’ म्हणून हौसेने घेतलं. वजन कमी भरलं, तेवढ्यावर खूश! अक्षरंही विरघळल्यासारखी बारीक झाली होती, ते घरी आल्यावर दिसलं.