सीट आधी, पॉइंट मागाहून

प्रवास केला किंवा क्रेडिट कार्ड वापरले की खात्यावर जमणाऱ्या विमान कंपन्यांच्या पॉइंटांविषयी येणाऱ्या पत्रांचा सूर बहुतेक एकच असतो: खात्यावर पॉइंट दिसतात, तिकीट मात्र जमत नाही. चवथ आणि नाताळ जवळ आले की ही पत्रे वाढतात. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न (फोंडा): माझ्याकडे १८,००० पॉइंट आहेत. एक पॉइंट म्हणजे एक रुपया, असे शेजारी सांगतात. खरे का?

शेजाऱ्यांना त्यांच्या तिकिटात एक रुपया पडला असेल. तुम्हाला किती पडेल ते तुमची तारीख ठरवणार. रोख भाड्यातून पॉइंटांच्या तिकिटावर भरावी लागणारी रोकड वजा करा आणि उरलेल्या रकमेला पॉइंटांनी भागा. समजा, गोवा-दिल्ली शुक्रवारी रोख ६,८०० रुपये आहे. तेच तिकीट ५,५०० पॉइंट आणि वर १,१५० रुपये कर-शुल्क देऊन मिळते. ६,८०० उणे १,१५० म्हणजे ५,६५०. त्याला ५,५०० ने भागले की पॉइंटला साधारण एक रुपया तीन पैसे आले. मंगळवारी रोख भाडे ३,९०० वर उतरले आणि पॉइंट तेवढेच राहिले, तर हाती येतात पन्नास पैसे. शुक्रवारी पॉइंट वापरा, मंगळवारी रोख भरा. मात्र हल्ली कंपन्यांच्या अनेक पॉइंट-कार्यक्रमांत भाडे चढले की पॉइंटही चढतात. तिथे दिवस बदलून फारसे काही हाती लागत नाही.

दोन चुका सर्रास होतात. एक, बॅगेशिवायच्या पॉइंट-तिकिटाची तुलना बॅगेसकटच्या रोख तिकिटाशी करणे. दुसरी, बिझनेस क्लासचे दोन लाखांचे भाडे धरून ‘पॉइंटला चार रुपये वसूल केले’ म्हणणे. ते दोन लाख खिशातून कधी काढले असते का? नसतील, तर तुम्ही खरोखर भरले असते ते भाडे धरा. रोख तिकिटावर नवे पॉइंट मिळतात, तेवढी रक्कमही त्या बाजूला जमा धरा.

प्रश्न (म्हापसा): पॉइंटांवर काढलेल्या तिकिटावर पुन्हा पॉइंट मिळतात का?

सहसा नाही. ‘पॉइंट अधिक रोख’ प्रकारात रोख भागावर काही ठिकाणी मिळतात. तुमच्या कार्यक्रमाचे नियम पाहा.

प्रश्न (डिचोली): माझ्या क्रेडिट कार्डावर ८०,००० पॉइंट आहेत. महिनाअखेरपर्यंत विमान कंपनीकडे वळवले तर २५ टक्के बोनस आहे, म्हणजे १,००,००० माइल (त्या कंपनीचे पॉइंट) होतील. पुढच्या मे महिन्यात आम्हा चौघांना सिंगापूरला जायचे आहे. आताच वळवून ठेवू का?

नाही. बोनस मिळतोय म्हणूनही नाही.

आधी तुमचा हिशेबच तपासा. तुम्ही पाठवलेल्या माहितीनुसार तुमच्या कार्डाचे प्रमाण २ ला १ आहे. म्हणजे ८०,००० चे ४०,००० माइल होतील आणि बोनस त्यावर लागेल. एकूण ५०,०००, लाख नव्हे. बोनसचा आकडा जाहिरातीत ठळक असतो आणि प्रमाण तळाच्या बारीक अक्षरांत, ते उगाच नाही.

आता ही अदलाबदल परवडते का ते पाहा. हेच पॉइंट बँकेच्या संकेतस्थळावर तिकिटासाठी वापरले तर, समजा, पॉइंटला ३० पैसे मिळतात. ८०,००० चे २४,००० रुपये झाले. ते ५०,००० माइलांत वाटले की माइलला ४८ पैसे. याहून कमी किमतीचे तिकीट घेतलेत तर बोनस घेऊनही तोटा.

पण खरी अडचण वेगळी आहे. पॉइंट एकदा विमान कंपनीकडे गेले की बँकेकडे परत येत नाहीत. बँकेत असताना त्यांना अनेक दारे असतात: चार-पाच विमान कंपन्या, हॉटेले, बँकेचे स्वतःचे संकेतस्थळ. वळवल्यावर एकच दार उरते, आणि त्यापलीकडे तुमच्या तारखेची सीट आहे की नाही हे तुम्ही अजून पाहिलेलेही नाही. शिवाय मुदतीचे घड्याळ सुरू होते. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर या पॉइंट-कार्यक्रमात माइल ३६ महिन्यांनी संपतात, मधे प्रवास केला तरी मुदत आपोआप वाढत नाही.

‘राहू देत, पडून राहतील’ असे म्हणणाऱ्यांनी मागे वळून पाहावे. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजची विमाने थांबली. माइल कागदावर राहिले, पण ज्या विमानांसाठी ते जमवले तीच उरली नाहीत. १ सप्टेंबर २०२३ पासून अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डाचे वळवण्याचे प्रमाण ५ ला ४ वरून ५ ला २ वर आले, म्हणजे माइल एकदम निम्मे. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि क्लब विस्ताराचे पॉइंट एअर इंडियाच्या महाराजा क्लब या कार्यक्रमात गेले. सभासदांना नवे दरपत्रक आणि नवे नियम शिकावे लागले. पॉइंट म्हणजे मुदत ठेव नाही. व्याज मिळत नाही, आणि मूल्य ठरवणारा उद्या ते बदलू शकतो. म्हणून बँकेतही वर्षानुवर्षे साठवू नका, आणि सीट दिसण्याआधी हलवूही नका.

क्रम असा ठेवा. क्रिसफ्लायरचे खाते उघडा, फुकट आहे. त्यात लॉगिन करून तुमच्या तारखांची पुरस्कार-सीट, म्हणजे माइलांवर मिळणारी सीट, शोधा. गोव्याहून सिंगापूर एअरलाइन्सचे विमान नाही, तेव्हा मुंबई, बंगळूर, चेन्नई असे पर्याय वेगवेगळे टाका. आधी चार जणांसाठी शोधा, मग दोन आणि दोन. चार सीट एकत्र मागितल्या की स्वस्तातल्या ‘सेव्हर’ प्रकारात दोनच शिल्लक असल्या तरी काहीच दिसत नाही किंवा महागाचा ‘अ‍ॅडव्हांटेज’ दर दिसतो. ‘वेटलिस्ट’ लिहिले असेल तर ती सीट नव्हे. मेच्या सुट्टीच्या सीट साधारण ३५५ दिवस आधी खुल्या होतात, आणि ज्यांना जायचेच असते ते तेव्हाच घेतात. सीट दिसली की विमान क्रमांक, माइल आणि कर-शुल्क कागदावर उतरवा. बँकेला विचारा: पॉइंट पोहोचायला किती वेळ लागतो? बँक आणि विमान कंपनीच्या काही जोड्यांत मिनिटे लागतात, काहींत दिवस, आणि तोवर ती सीट तुमच्यासाठी कुणी राखून ठेवत नाही. दिवस लागणार असतील, तर तारखेचा दुसरा पर्याय तयार ठेवूनच पाठवा. वार्षिक मर्यादा आणि वळवण्याचे शुल्कही विचारा. उत्तर ईमेलवर घ्या; फोनवरचे ‘होऊन जाईल सर’ पुढे उपयोगी पडत नाही.

बोनस हुकला तर हुकू द्या. असे बोनस पुन्हा येतात.

प्रश्न (वास्को): मी तारवटी आहे. जहाजावर जाता-येता कंपनी तिकीट काढते. तीन वर्षांत खात्यावर जवळपास काहीच जमले नाही. असे का?

बहुधा दोन कारणे. पहिले, खलाशांसाठीच्या ‘मरीन’ भाड्यात जादा सामान आणि तारीख बदलण्याची मुभा असते, पण त्यांचा बुकिंग क्लास काही कार्यक्रमांत फार थोडे पॉइंट देतो, काहींत शून्य. ई-तिकिटावर भाड्याजवळ एक रोमी अक्षर असते, ते बघा. तुमच्या कार्यक्रमाच्या तक्त्यात त्या अक्षरासमोर किती टक्के आहेत ते तपासा. शून्य असेल तर भांडून उपयोग नाही, पण त्याच प्रवासाचे दुसऱ्या भागीदार कंपनीच्या खात्यात मिळतात का, ते विचारण्याजोगे आहे.

दुसरे कारण नावाचे. नाईक, कामत ही आडनावे गोव्यात रोमीत दोन-तीन तऱ्हेने लिहितात. पासपोर्टवर एक, सभासद खात्यावर दुसरे, तर यंत्रणा पॉइंट जोडत नाही. खात्यावरचे नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर करून घ्या आणि सभासद क्रमांक मॅनिंग एजंटच्या (जहाजावर माणसे पाठवणाऱ्या एजंटच्या) कार्यालयात कायमचा नोंदवा. राहिलेल्या पॉइंटांच्या दाव्याला मुदत असते, अनेक कार्यक्रमांत सहा महिन्यांच्या आसपास. तुमचे कंत्राट आठ महिन्यांचे असले तर परत येईपर्यंत मुदत टळून जाते. म्हणून साइन ऑनच्या, म्हणजे जहाजावर रुजू होण्याच्या, बंदरावर उतरलात की बोर्डिंग पासचा फोटो काढा आणि दावा घरच्यांकरवी किंवा फोनवरून लगेच टाका.

प्रश्न (मडगाव): बहीण इंग्लंडमध्ये असते. तिच्या एव्हिओसवर (ब्रिटिश एअरवेजच्या पॉइंटांवर) गोव्याला येण्या-जाण्याचे ‘मोफत’ तिकीट काढायला गेलो, तर शेकडो पौंड मागितले. ही फसवणूक नाही का?

फसवणूक नाही, पण ‘मोफत’ हा शब्द तुम्ही जाहिरातीतून उचललात. त्या रकमेत दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, त्या वेगळ्या करा. ब्रिटनमधून निघणाऱ्या विमानावर तिथले सरकार प्रवासी कर घेते. भारताच्या अंतराला इकॉनॉमीत तो २०२५-२६ मध्ये ९० पौंड आणि १ एप्रिल २०२६ पासून १०२ पौंड. त्यावरच्या वर्गांत २१६ आणि मग २४४. तो पॉइंटांनी टळत नाही. इकॉनॉमीत सोळा वर्षांखालील मुलांना माफ आहे, तेव्हा मुलांच्या तिकिटावर लावला गेला असल्यास विचारा. उरलेला मोठा भाग विमान कंपनीचा स्वतःचा सरचार्ज (अधिभार) असतो. त्याला करांच्या रांगेत बसवतात, पण तो कर नव्हे, भाड्याचाच तुकडा.

हा सरचार्ज कंपनीगणिक बदलतो. एव्हिओस हे चलन ब्रिटिश एअरवेजसारखेच कतार एअरवेजमध्येही चालते, आणि स्वतःच्याच दोन खात्यांत ते एकास एक हलवता येतात. बहिणीने दोन्हीकडे तोच प्रवास शोधून एकूण रोकड ताडून पाहावी. फक्त दोन्ही खात्यांवर नाव आणि जन्मतारीख सारखी हवी, नाहीतर जोडणी होत नाही. त्यानंतर फोंड्याच्या उत्तरातला हिशेब करा. पॉइंटला फारच कमी पडत असेल तर साधे सेलचे तिकीट बरे. बुक करण्यापूर्वी रद्द करण्याचे शुल्क तिने ग्राहकसेवेला विचारून घ्यावे.

प्रश्न (पेडणे): ओळखीचा एजंट ‘पॉइंटांवरचे’ बिझनेस तिकीट निम्म्या दरात देतो. घ्यावे का?

घेऊ नका. ते पॉइंट दुसऱ्या कुणाचे तरी असतात, आणि पॉइंटांची अशी विक्री जवळपास सर्व कार्यक्रमांच्या नियमांत निषिद्ध आहे. खाते गोठले की तिकीट रद्द होते. ते तुम्हाला कळते चेक-इनच्या काउंटरवर, आणि एजंटचा फोन तेव्हा लागत नाही. स्वतःचे पॉइंट विकायचा विचार असेल तर तोही सोडा.

प्रश्न (काणकोण): गोव्याहून परदेशाचे पॉइंट-तिकीट शोधले की कधीच सीट दिसत नाही.

गोव्याचे विमानतळ दोन, कोडही दोन: दाबोळी म्हणजे जीओआय, मोपा म्हणजे जीओएक्स. काही संकेतस्थळे ‘गोवा’ टाकले की एकच कोड धरतात. ओमान एअर, कतार एअरवेज यांनी दाबोळी सोडून मोपा धरले आहे, त्यामुळे जुन्या सवयीने जीओआय टाकले तर काहीच सापडणार नाही. दोन्ही कोड टाकून पाहा. काणकोणहून मोपा म्हणजे राज्याचे एक टोक ते दुसरे टोक. त्या टॅक्सीचे भाडेही हिशेबात घ्या.

एवढे करून मिळाले नाही तर मुंबईहून शोधा, तिथे विमाने आणि सीट कितीतरी जास्त. मात्र गोवा-मुंबई वेगळे तिकीट काढलेत, तर ते विमान उशिरा पोचून पुढचे चुकल्यास जबाबदारी तुमची. पॉइंटांच्या तिकिटावर मग ‘नो-शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही असा शेरा, पडतो. मुंबईत देशांतर्गत विमान टर्मिनल १ वर उतरले तर सामान घेऊन रस्त्याने टर्मिनल २ गाठावे लागते. आदल्या संध्याकाळची कोकणकन्या धरून दुपारनंतरचे विमान घेणे सोपे जाते. पावसाळी वेळापत्रकात गाड्या धिम्या असतात, तेव्हा एक रात्र मुंबईत काढा. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे जोडून मिळतात का, हे आधी कॉल सेंटरला विचारा. संकेतस्थळावर न दिसणाऱ्या भागीदार कंपन्यांच्या सीट कधी कधी तिथे दिसतात.

प्रश्न (साखळी): पॉइंटांचे तिकीट रद्द केले तर काय परत मिळते?

तुम्ही रद्द केलेत तर कार्यक्रमाच्या नियमाप्रमाणे शुल्क कापून पॉइंट परत येतात. काही स्वस्त प्रकारांत येतही नाहीत. सरकारी कर आणि विमानतळाची शुल्के मात्र डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमांनुसार परत द्यावी लागतात, मूळ भाडे परत न मिळणारे असले तरीही. ती मागा, आपोआप येतील म्हणून वाट पाहू नका. विमान सुटण्याआधी रद्द करा, न जाता गप्प बसणे सगळ्यात महाग. मुदत टळलेले पॉइंट परत आले तरी बहुतेक ठिकाणी आल्या पावली संपतात, म्हणून रद्द करण्याआधी त्यांची तारीख ग्राहकसेवेला विचारा. कंपनीनेच विमान रद्द केले तर पॉइंट आणि रोकड दोन्हींवर तुमचा हक्क आहे. मागणी ज्या कार्यक्रमातून पॉइंट गेले त्याच्याकडे करायची, विमान कुणाचेही असो.

प्रश्न (पणजी): पॉइंट कापले गेले, पीएनआर आला. म्हणजे तिकीट झाले ना?

नाही. पीएनआर ही आरक्षणाची नोंद. तिकीट झाले की १३ आकडी क्रमांक येतो, आणि पहिले तीन आकडे कुणी दिले ते सांगतात: ०९८ एअर इंडिया, १५७ कतार, ६१८ सिंगापूर, १२५ ब्रिटिश एअरवेज. भागीदार कंपनीच्या सीटवर तो क्रमांक अडकण्याचे प्रकार होतात. दुसऱ्या दिवशीही ईमेलमध्ये क्रमांक नसेल तर फोन करा, आणि तोवर हॉटेलचे पैसे भरू नका.