लिमिटर लावला की आवाज दबतो, काढला की स्पीकर जळतात. मग करायचं काय?

लिमिटर म्हणजे सिग्नलला ठरावीक पातळीच्या वर जाऊ न देणारी सोय. तो चुकीच्या जागी बसवला की आवाज दबणारच, त्यात त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. तुमच्या प्रश्नातलं हे वाक्य मी माझ्या जुन्या भागीदाराकडून इतकी वर्षं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

आम्ही दोघं मिळून साउंडची कामं करायचो. एका मोठ्या हॉलमध्ये नाच सुरू झाला, भागीदाराला आवाज ‘मेलेला’ वाटला आणि मला न विचारता त्याने प्रोसेसरमधला (अ‍ॅम्पच्या आधी सिग्नल सांभाळणाऱ्या यंत्रातला) लिमिटर बायपास केला. मी तेव्हा स्टेजवर माइक बदलत होतो. परत येऊन बघतो तर अ‍ॅम्पचे क्षमता संपल्याचे लाल दिवे लुकलुकत नव्हते, सलग पेटून राहिले होते. फेडर खाली ओढेपर्यंत एका टॉपचा (वरच्या स्पीकरचा) हॉर्न, म्हणजे तीव्र स्वरांचा भाग, गप्प झाला होता आणि एक सब (खोल बेसचा स्पीकर) खरखरायला लागला होता. त्याचं निदान तयारच होतं: “अ‍ॅम्प मोठा पडला. लहान लावायला हवा होता.”

दुसऱ्या दिवशी दोन्ही खोलून त्याच्यासमोर ठेवले. हॉर्नच्या ड्रायव्हरचं झाकण काढल्याबरोबर जळक्या वार्निशचा वास आला. कॉइल (आतली तारेची गुंडाळी) काळपट तपकिरी पडलेली, एका बाजूचे वेढे सुटून चुंबकाच्या गॅपमध्ये अडकलेले. सबची कॉइल मात्र चांगली तांबूस होती, जळल्याची खूणही नाही. पण फॉर्मरची (कॉइल ज्यावर गुंडाळतात त्या नळीची) खालची कड आत चेपलेली. एक उष्णतेने गेला, दुसरा मागच्या प्लेटवर आपटून गेला. दोन्हींवर इलाज वेगळा. त्याला ते शेवटपर्यंत पटलं नाही.

आधी उष्णतेचं बघू. 300 वॅटचा अ‍ॅम्प क्लिप न होता (क्षमता संपून लहरीची टोकं न कापता) चालतोय आणि गाण्याची शिखरं सरासरीपेक्षा 12 डीबी वर आहेत असं धरा. कॉइलला सरासरी 40 वॅटसुद्धा मिळत नाहीत. तोच अ‍ॅम्प पार क्लिपमध्ये ढकलला की लहर चौकोनी होते आणि तोच 600 वॅटच्या आसपास ओततो. टॉपच्या आत पॅसिव्ह क्रॉसओव्हर (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारं सर्किट) असेल तर क्लिपिंगमधून निघालेले हार्मोनिक्स, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले वरचे स्वर, थेट हॉर्नकडे जातात. लहान अ‍ॅम्प त्या रात्री याहून लवकर क्लिप झाला असता. आणि ज्या ‘क्वालिटी’साठी लिमिटर काढला, ती गरम कॉइलच खाते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सियसला साधारण 0.4 टक्के वाढतो. कॉइल 200 अंशांनी तापली तर तो पावणेदोनपटीच्या पुढे जातो, आवाज पडतो आणि माणूस फेडर आणखी वर सरकवतो.

सबसाठी उपाय हाय-पास, म्हणजे ठरावीक हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर. पोर्टवाल्या (हवेसाठी भोक ठेवलेल्या) कॅबिनेटमध्ये ट्यूनिंगच्या, म्हणजे पोर्ट ज्या फ्रिक्वेन्सीला जुळवलाय तिच्या, खाली हवा कोनला धरून ठेवत नाही. कोन मोकाट हलतो आणि आवाज मात्र जवळजवळ काहीच देत नाही. ट्यूनिंग 40 हर्ट्झ असेल तर त्याच्या किंचित खाली 24 डीबी प्रति ऑक्टेव्हचा हाय-पास लावा. ऐकू येण्यासारखं फारसं काही जात नाही, उलट बेस घट्ट होतो.

आता दबण्याचं. क्रॉसओव्हरच्या आधी सगळ्या सिग्नलवर एकच लिमिटर असेल तर प्रत्येक किकच्या ठोक्याला गायकाचा आवाजही खाली ओढला जातो. तुम्ही ऐकताय ते बहुतेक हेच. लिमिटर क्रॉसओव्हरच्या नंतर, प्रत्येक आउटपुटला वेगळा लावा. त्यातही दोन हवेत: शिखरांसाठी झटपट पकडणारा आणि उष्णतेसाठी काही सेकंदांची सरासरी बघणारा आरएमएस. स्पीकर 8 ओहमवर 400 वॅटचा असेल तर मी आरएमएस निम्म्यावर ठेवतो. 200 वॅट म्हणजे 40 व्होल्ट. स्पीकर सोडवा, अ‍ॅम्पला टोन द्या आणि आउटपुटवर मीटर लावून थ्रेशोल्ड (लिमिटर पकडायला लागतो ती पातळी) तिथे आणा. अ‍ॅम्पचा गेन कमी करून स्पीकर वाचतो हा भ्रम सोडा. मिक्सरमधून जास्त सिग्नल आला की अ‍ॅम्प तरीही पूर्ण ताकदीला पोचतो.

एवढं करूनही लिमिटर सतत काम करताना दिसला तर सिस्टिम त्या जागेला कमी पडतेय. बॉक्स वाढवा. हे मी भागीदाराला प्रत्येक वेळी सांगायचो आणि प्रत्येक वेळी तो प्रोसेसरकडे हात न्यायचा. म्हणून आता माझ्या प्रोसेसरला पासवर्ड असतो, आणि तुम्हीही टाका.

हे सगळं बाहेरून अ‍ॅम्प जोडायच्या स्पीकरांसाठी. अ‍ॅक्टिव्ह (आतच अ‍ॅम्प असलेली) कॅबिनेट असतील तर त्यांच्यात लिमिटर बहुधा आतच असतो, वरून दुसरा चढवू नका. घरातल्या ऐकण्यासाठी तर यातलं काहीच लागत नाही. आणि अ‍ॅम्प बिघडून आउटपुटला डीसी (एकाच दिशेचा सलग करंट) आला तर प्रोसेसरमधला कुठलाच लिमिटर कामाचा नाही. त्यासाठी डीसी प्रोटेक्शन असलेलाच अ‍ॅम्प घ्या.