ऐकू येणाऱ्या मुलीला सांकेतिक भाषा शिकवावी का?

तुमचा प्रश्न असा: कोल्हापुरात राहता, मुलगी सहा वर्षांची, ऐकणं-बोलणं व्यवस्थित. शेजारी तिच्याच वयाचा कर्णबधिर मुलगा राहायला आलाय. तिला सांकेतिक भाषा शिकवली तर फायदा होईल, की मराठी कच्ची राहील?

मराठीची काळजी सोडा. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं दोन्ही भाषा घेऊनच मोठी होतात. भोवतालचं बोलणं भरपूर कानावर पडलं की झालं.

फायद्याच्या बाबतीत मात्र क्लासवाल्यांचं 'बुद्ध्यांक वाढतो' मनावर घेऊ नका. इटलीत पहिलीतल्या ऐकणाऱ्या मुलांना तिथली सांकेतिक भाषा शिकवून पाहिली होती (अभ्यास १९९८ सालचा, गट लहान). त्यांची नजरेनं ओळखण्याची आणि जागा लक्षात ठेवण्याची क्षमता इतरांपेक्षा जास्त सुधारली. हे पटण्यासारखं आहे, कारण इथं व्याकरणच जागेत असतं. 'आजीनं ताईला दिलं' म्हणताना आजीला डावीकडे, ताईला उजवीकडे ठेवायचं आणि 'देणं' डावीकडून उजवीकडे न्यायचं. हात उलटा गेला की देणारी ताई होते! प्रश्न भुवयांवर चालतो: हो-नाहीचा असेल तर भुवया वर. त्यामुळं समोरच्याच्या तोंडाकडे पाहूनच बोलायची सवय लागते. शिवाय गणपतीत डॉल्बीच्या भिंतीपुढंही गप्पा थांबत नाहीत.

शिकायची ती भारतीय सांकेतिक भाषा. मोबाईलवर आधी सापडते ती बहुधा अमेरिकन, आणि तिथंच बरेच जण फसतात. तिची इंग्रजी मुळाक्षरं एका हाताची, आपली बहुतेक दोन हातांची. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा १०,००० शब्दांचा व्हिडिओ-कोश आहे, 'साइन लर्न' ॲपवर फुकट.

दुसरी चूक म्हणजे मुळाक्षरांपासून सुरुवात. पोरं आठवड्यात कंटाळतात. रोज दहा मिनिटं, आठवड्याला पाच-सहा खुणा, त्याही खेळातल्या: ये, थांब, माझी पाळी, पाणी, अजून. लगेच दोन शब्द जोडायचे. 'दूध नको'मधला नकार मराठीसारखाच शेवटी येतो, 'नाव काय'मधलं 'काय'ही शेवटी, म्हणून आपल्या मुलांना क्रम सोपा जातो. तोंडानं अख्खं मराठी वाक्य बोलत खुणा करू नका. मराठीच पुढं पळते आणि हात अर्धेच चालतात.

खिडकीकडे पाठ करून बसू नका, चेहरा काळा दिसतो. हाक मारायला खांद्यावर थोपटा किंवा हात हलवा, हनुवटी धरून तोंड वळवायचं नाही. रंकाळ्याची किंवा कुणाच्या नावाची खूण घरी बनवू नका. ती कर्णबधिर मंडळींकडून घ्यायची असते. काही खुणा गावागणिक बदलतात, तिथं ॲपपेक्षा त्यांचं खरं.

एक गोष्ट आधी विचारून घ्या. कित्येक कर्णबधिर मुलांना घरी फक्त ओठ वाचायला आणि बोलायला शिकवलेलं असतं, त्यांची स्वतःचीच सांकेतिक भाषा कच्ची असते. त्या मुलाचं तसं असेल तर त्या दहा मिनिटांत दोघांना एकत्र बसवा, आणि त्याच्या आईलाही.